‘एलियन’मधला प्राणी लपवलेला नाही

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. पठारावरच्या पवनचक्क्यांची देखभाल करणारे तिघं रात्रपाळीवर असताना परग्रहावरचा एक जीव त्यांच्यात शिरतो, असा पंचवीस मिनिटांचा लघुपट तुम्ही करताय. पैसा थोडा, प्राण्याचा पोशाख जेमतेम. ज्याला विचाराल त्याने एकच सल्ला दिला: १९७९ चा ‘एलियन’ बघा, त्यात प्राणी जवळजवळ दिसतच नाही, तुम्हीही शेवटपर्यंत दाखवू नका. तुम्ही तसंच केलंत, पण रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं संकलन, बघणारे घाबरायच्या ऐवजी कंटाळले. मग त्या चित्रपटाला जमलं ते तुम्हाला का जमलं नाही?

मी संकलक आहे. चित्रपट केलेत, मालिका केल्यात, आणि संकलन शिकवताना ‘एलियन’चे प्रसंग एकेक शॉट सुटा करून विद्यार्थ्यांसमोर अनेकदा मांडलेत. माझं मत स्पष्ट आहे: तुम्हाला मिळालेला सल्ला अर्धवट आहे. हा चित्रपट प्राणी भरपूर दाखवतो. पण पुढच्या वेळी तो कसा दिसेल याचा अंदाज मात्र तो प्रेक्षकाला कधीच बांधू देत नाही. तुम्ही पहिली गोष्ट टाळलीत आणि दुसरी केलीच नाहीत.

पडद्यावर प्रत्यक्ष काय दिसतं ते आधी बघू. नोस्ट्रोमो हे खनिज वाहणारं मालवाहू यान, त्यावर सात माणसं. परतीच्या वाटेत एक अनोळखी संदेश मिळतो म्हणून ते एका ओसाड गोलावर उतरतात. तिथल्या पडक्या यानात त्यांच्यातला केन एका अंड्यावर वाकतो, आतून उसळलेला जीव त्याच्या चेहऱ्याला चिकटतो. आता हा जीव आपण कुठे पाहतो? यानातल्या दवाखान्यात, पांढऱ्या उजेडात, टेबलावर. हाडकुळ्या बोटांसारखे पाय, केनच्या गळ्याभोवती आवळलेली शेपटी, सगळं लख्ख. तो जीव मेल्यावर यानावरचा विज्ञान अधिकारी ॲश त्याला उताणा करून चिमट्याने आतला भाग तपासतो, तेही जवळून. तिथे शिंपल्यांचं मांस आणि मेंढीचं मूत्रपिंड वापरलं होतं, त्यामुळे ओलावा आणि चमक खरी दिसते. छाती फोडून बाहेर येणारं पिल्लू तर जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या मधोमध येतं. अंधार, धूर, सावली यांतलं काहीही तिथे नाही.

पूर्ण वाढलेला प्राणी पडद्यावर असतो तो वेळ जोडला तर जेमतेम चारेक मिनिटं भरतात, हे खरं. पण प्रत्येकाच्या तोंडी असलेला हा आकडा दिशाभूल करतो. कारण त्याच्याआधी तुम्ही अंडं पाहिलेलं असतं, चेहऱ्यावरचा जीव पाहिलेला असतो, पिल्लू पाहिलेलं असतं, जमिनीवर पडलेली कात पाहिलेली असते. प्रत्येक रूपाचा आधीच्या रूपाशी मेळ बसत नाही. चेहऱ्यावर चिकटणाऱ्या जिवाची भीती मनात पक्की होते न होते तोच तो गळून पडतो आणि मरतो. पिल्लू पाहून तुम्ही मनाशी म्हणता, एवढंसंच तर आहे, पकडता येईल; यानावरचे लोकही जाळी आणि विजेची काठी घेऊन त्याच मापाचं काहीतरी शोधायला निघतात. आणि समोर येतं ते माणसाहून उंच. प्रेक्षक आणि पात्रं दोघंही सतत मागच्या माहितीवर विसंबून चालत असतात, आणि ती माहिती दर वेळी शिळी झालेली असते.

तुमच्या रफ कटमध्ये पाचव्या मिनिटाला झाडीत एक काळी आकृती हलते. बाराव्या मिनिटाला तीच आकृती, तशीच हलते. अठराव्याला पुन्हा. प्रेक्षकाला पाचव्या मिनिटाला जे कळलं त्यापलीकडे काहीच कळत नाही, म्हणून तो कंटाळतो.

आता त्या प्राण्याच्या रूपाकडे येऊ. मूळ कथा डॅन ओबॅनन आणि रोनाल्ड शुसेट यांची. दिग्दर्शक होडोरोव्स्कीच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘ड्यून’ प्रकल्पावर काम करताना ओबॅननने स्विस चित्रकार एच. आर. गिगर यांचं काम पाहिलं होतं. त्यांचं ‘नेक्रोनॉम ४’ हे चित्र बघून ‘एलियन’चा दिग्दर्शक रिडली स्कॉटला आपला प्राणी सापडला. गिगर यांच्या रचनेतली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डोळे नाहीत. संकलक म्हणून मला याचं महत्त्व फार वाटतं. आपण पडद्यावर सतत डोळे शोधत असतो. कोण कुणाकडे बघतंय, त्यावरून पुढचा कट कुठे जाणार हे प्रेक्षकाला नकळत कळतं. डोळेच नसले की हा प्राणी पाहतोय का, ऐकतोय का, हल्ला करणार की नुसता थांबलाय, काहीच समजत नाही. शेवटच्या प्रसंगात तो छोट्या यानाच्या भिंतीतल्या नळ्यांमध्ये दुमडून पडलेला असतो. चित्रपटाची नायिका रिप्ले त्याच्या अगदी जवळून वावरते, आपणही त्याच्याकडे बघत असतो, तरी हात बाहेर येईपर्यंत तो यंत्राचाच भाग वाटतो.

पोशाखात होता बोलाजी बडेजो, लंडनमध्ये डिझाइन शिकणारा नायजेरियन तरुण, उंची सात फुटांच्या जवळपास. कलाकार निवडणाऱ्या चमूतल्या एकाला तो एका पबमध्ये भेटला. त्याला ताई-ची आणि मूकाभिनयाचे धडे दिले गेले ते हालचाल संथ व्हावी म्हणून. पोशाख घातलेला माणूस धावला की माणसासारखाच धावतो आणि सगळं फसतं. तुमचा कलाकार तीन ठिकाणी धावतो. ते तिन्ही शॉट आधी काढून टाका.

पण मी सगळ्यात जास्त वेळ जिथे थांबायला सांगेन तो भाग प्राणी येण्याच्या आधीचा आहे. छाती फुटते तोवर चित्रपटाची जवळपास पंचावन्न मिनिटं उलटलेली असतात. सुरुवातीला कॅमेरा रिकाम्या मार्गिकांमधून फिरतो, कुणी बोलत नाही. मग माणसं दीर्घ झोपेतून उठतात, सिगारेट पेटवतात, खातात, आणि बोलतात कशावर? बोनसवर. पार्कर आणि ब्रेट हे खालच्या मजल्यावरचे यंत्र सांभाळणारे. त्यांची तक्रार अशी की आम्हाला इतरांपेक्षा कमी वाटा मिळतो. संदेशाचा तपास करायला नकार देता येत नाही, कारण करारात तसं कलम आहे आणि मोडलं तर पैसे बुडतात. इतकी साधी, रोजच्या नोकरीतली गोष्ट. या लोकांना वीर व्हायचं नाही, पाळी संपवून घरी जायचंय. म्हणूनच ते मरू लागतात तेव्हा आपल्याला त्यांची माणूस म्हणून काळजी वाटते.

या विश्वासामागे प्रचंड कलादिग्दर्शन आहे. चित्रीकरण १९७८ मध्ये लंडनजवळच्या शेपर्टन स्टुडिओत झालं. यानाच्या मजल्याचा सेट सुटा सुटा न बांधता एकमेकांना जोडून बांधला होता. कलाकारांना खरोखर मार्गिकांमधून चालत आत जावं लागे. भिंतींवर जुन्या विमानांच्या भंगारातले सुटे भाग बसवले होते. छत खाली, वाटा अरुंद. बराचसा भाग स्कॉटने स्वतः कॅमेरा हातात घेऊन टिपला. या सगळ्यामुळे आपल्याला यानाचा नकाशा अंगवळणी पडतो, आणि पुढे कुणी एकटा निघाला की तो किती दूर जातोय ते आपल्याला पोटातून कळतं. स्कॉटने जाहिरातक्षेत्रात वर्षं घालवली होती, ‘द ड्युएलिस्ट्स’नंतरचा हा त्याचा दुसराच चित्रपट, त्याने स्वतः काढलेले स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटवार चित्रं, पाहून ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने अंदाजपत्रक बेचाळीस लाखांवरून चौऱ्याऐंशी लाख डॉलरवर नेलं. तुमच्याकडे तसला पैसा नाही. पण खरी पवनचक्की आहे, खरं पठार आहे, खरा वारा आहे, आणि हे त्यांच्याकडे नव्हतं. तुमचे तिघं पहिल्या सात मिनिटांत फक्त भुताच्या गोष्टी सांगतात. त्याऐवजी ते टॉवरवर चढताना दोर कसा अडकवतात, लॉगबुकात काय लिहितात, कंत्राटदाराने थकवलेल्या ओव्हरटाइमबद्दल काय बोलतात ते दाखवा. तुम्ही पाठवलेल्या कच्च्या फुटेजमध्ये यातलं बरंच काही आहे, तुम्ही ते कापून टाकलंय.

छाती फुटण्याच्या प्रसंगाबद्दल खूप लिहिलं गेलंय, पण बहुतेक लिहिणं रक्ताबद्दल असतं. प्रसंगाची बांधणी त्याहून जास्त शिकण्यासारखी आहे. केन शुद्धीवर आलाय, बरा वाटतोय, त्याला भूक लागलीय. सगळे हसत जेवतायत. प्रेक्षकाच्या मनावरचा ताण उतरतो. मग त्याला ठसका लागतो, तो आडवा होऊन तडफडतो, सगळे त्याला धरून ठेवायला धावतात. इथे शॉट छोटे होत जातात, हात, चेहरे, भांडी. आणि मग सदऱ्यावर एकदम रक्ताचा डाग उमटतो आणि सगळं थांबतं. सगळे क्षणभर मागे सरकतात, कुणी हलत नाही. ही स्तब्धता फार तर दोन श्वासांची, पण त्या प्रसंगाचा प्राण तिच्यात आहे. तुम्ही जर डागानंतर लगेच पिल्लू बाहेर काढलं असतं तर तो नुसता धक्का झाला असता. थांबल्यामुळे टेबलाभोवतीच्या प्रत्येक चेहऱ्यावर प्रश्न उमटतो, तोच प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उमटतो, आणि उत्तर त्या प्रश्नावर येऊन आदळतं.

या प्रसंगात पार्श्वसंगीत नाही. केन झालेल्या जॉन हर्टचं डोकं आणि हात तेवढे खरे, बाकीचं शरीर टेबलाखाली होतं आणि वर खोटी छाती बसवली होती. काय होणार हे बाकीच्या कलाकारांना ठाऊक होतं, पण रक्त किती आणि कुठे उडणार हे नव्हतं; लॅम्बर्टचं काम करणाऱ्या व्हेरोनिका कार्टराइटच्या अंगावर चिळकांडी उडाल्यावरचं तिचं किंचाळणं अभिनयापलीकडचं आहे. एकाहून अधिक कॅमेरे लावून ते एकदम टिपल्यामुळे संकलकाच्या हातात एकाच क्षणाच्या वेगवेगळ्या प्रतिक्रिया आल्या. तुमच्याकडेही दोन मोबाइल आणि एक कॅमेरा आहे. जो क्षण एकदाच घडणार आहे, त्यासाठी तिन्ही एकाच वेळी चालू ठेवा आणि त्यातले दोन माणसांच्या चेहऱ्यांवर ठेवा. प्राण्यावर एक पुरतो.

संकलक होते टेरी रॉलिंग्ज, आणि ते मुळात ध्वनिसंकलनातून आलेले. ते ऐकू येतं. ब्रेट यानावरचं मांजर शोधत साखळ्या लोंबणाऱ्या उंच दालनात जातो तो प्रसंग आवाज बंद करून बघा, मग चालू करून बघा. मुका बघितला तर एक माणूस फिरतोय, बस. आवाजासकट बघितला तर पाण्याचे थेंब, साखळ्यांची किणकिण, आणि या सगळ्यात ब्रेट टोपी काढून वरून पडणारं पाणी चेहऱ्यावर घेतो. तो विसावतो, आपण विसावत नाही. नंतर प्राणी मागून उतरतो तेव्हा आपल्याला त्याचे तुकडे दिसतात, डोकं, जबडा, आणि त्या तुकड्यांमध्ये मांजराचा चेहरा. मांजर हे सगळं शांतपणे बघत असतं. हत्या दाखवण्याऐवजी साक्षीदार दाखवला, तोही असा साक्षीदार ज्याच्या चेहऱ्यावरून काहीच वाचता येत नाही.

यानाचा कप्तान डॅलस हवेच्या नळमार्गात शिरतो तो प्रसंग मी विद्यार्थ्यांना पाठ करायला लावतो. मार्गात डॅलस, बाहेर लॅम्बर्टच्या हातात हालचाल टिपणारं यंत्र, त्यावर ठिपका. प्राणी मार्गात दिसत नाही, पण ठिपका सरकतो. म्हणजे इथे प्रेक्षकाला डॅलसपेक्षा जास्त माहिती आहे. लॅम्बर्टचा आवाज चढत जातो, तो तिकडून हल, इकडे हल असं ऐकतो आणि नेमका चुकीच्या बाजूला वळतो. प्राणी दिसतो तो डोळे मिटून उघडण्याइतकाच, दोन्ही हात पसरलेला. भीती तयार झाली ती ठिपका, आवाज आणि वळण यांतून. तुमच्याकडे टर्बाइनच्या नियंत्रण खोलीत पडदे आहेतच. एका पवनचक्कीचं पातं वारा असूनही थांबलं, मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं, आणि ही रांग त्या तिसऱ्या माणसाच्या दिशेने येतेय, एवढं दाखवलं तरी पोशाखाची गरज पडणार नाही.

संगीताचं उदाहरणही मोलाचं आहे. संगीतकार जेरी गोल्डस्मिथ यांनी या चित्रपटासाठी वाद्यवृंदात सर्पंट नावाचं जुनं वळणदार सुषिर वाद्य, डिजेरिडू हे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं लांब नळीचं वाद्य आणि शंख वापरला. शंखाचा आवाज आपल्या कानांना देवळाचा. तिथे तो दूरच्या, ओसाड गोलावरच्या वाऱ्यासारखा येतो. पण संकलन करताना रॉलिंग्ज यांनी टेम्प ट्रॅक, म्हणजे तात्पुरतं संगीत, म्हणून गोल्डस्मिथ यांचंच १९६२ च्या ‘फ्रॉइड’मधलं संगीत काही ठिकाणी लावलं होतं, ते स्कॉटला इतकं पटलं की अंतिम चित्रपटात तसंच राहिलं. शेवटच्या श्रेयनामावलीवर अमेरिकन संगीतकार हॉवर्ड हॅन्सन यांची दुसरी सिंफनी आली. गोल्डस्मिथ यांना हे आवडलं नाही आणि त्यांची बाजू मला पटते. म्हणून तुम्हाला आग्रहाने सांगतो, दुसऱ्या कुणाचं टेम्प संगीत लावून कट पक्का करू नका. आठवडाभर तेच ऐकलं की तुमचा संगीतकार काहीही घेऊन आला तरी तुम्हाला ते परकं वाटेल.

काय काढलं तेही बघण्यासारखं आहे. शेवटच्या धावपळीत रिप्लेला डॅलस सापडतो, भिंतीत गुंडाळलेला, अजून जिवंत, आणि ब्रेटचं हळूहळू अंडं होत असतं, असा प्रसंग चित्रित झाला होता. तो १९७९ च्या आवृत्तीत नव्हता. २००३ च्या आवृत्तीत परत आला. कल्पना म्हणून ती भयंकर आहे, अंगावर काटा आणणारी. तरी मूळ निर्णय बरोबर होता असं मला वाटतं. एक तर यानाचा स्फोट व्हायला मोजकी मिनिटं उरलेली असताना धाव थांबते. दुसरं म्हणजे प्राण्याचं जीवनचक्र पूर्ण समजतं, आणि समजलं की त्याचा आवाका आखला जातो. उलट लॅम्बर्टच्या मृत्यूत काय केलं बघा: पायावरून वर सरकणारी शेपटी दिसते, मग आपण रिप्लेबरोबर मार्गिकांमधून धावत असतो आणि इंटरकॉमवर फक्त आवाज ऐकतो. तो पायाचा शॉट मुळात लॅम्बर्टचा नाहीच. ब्रेटच्या मृत्यूसाठी चित्रित होऊन बाजूला पडलेल्या फुटेजमधून तो उचललाय. टाकलेल्या फुटेजच्या फोल्डरमध्ये पुन्हा एकदा बसा, असं मी म्हणतो ते यासाठी.

आणखी एक गोष्ट, जी पटकथेच्या पातळीवरची आहे. चित्रपटाचे निर्माते वॉल्टर हिल आणि डेव्हिड गाइलर यांनी पुनर्लेखनात ॲश हा यंत्रमानव असल्याचं घातलं. त्यामुळे वैर कुठे आहे याची जागाच बदलली. प्राणी मारतो कारण त्याची घडण तशी आहे. त्याच्या मनात राग नाही. पण कंपनीने आधीच ठरवलंय की तो जीव परत आणायचा आणि त्यासाठी माणसं गेली तरी चालतील. हे कळतं तेव्हा बोनसवरची ती सुरुवातीची कुरबूर एकदम वेगळी ऐकू येते. करारातलं कलम, ॲशने नियम मोडून उघडलेलं दार, पिल्लाला हात लावू नका असं त्याचं ओरडणं, सगळं जुळतं. परग्रहावरून आलेला शत्रू भयानक असतोच, पण आपल्याच बाजूच्या कुणीतरी त्याला आत घेतलंय हे कळल्यावर पाठ टेकायला भिंत उरत नाही. तुमच्या कथेत कंत्राटदाराचा फोन दोनदा येतो आणि दोन्हीदा फक्त ‘काम बंद करू नका’ एवढंच म्हणतो. हा धागा तुमच्या हातात आयता आलाय. त्याला आधीपासून काही माहीत होतं का, एवढा एकच प्रश्न त्या फोनमध्ये पेरा.

आता कामाचं. आत्ता आहे तो कट बाजूला ठेवा, खोडू नका. नव्या कटमध्ये प्राणी पहिल्यांदा दिसेल तो भर उजेडात दिसू द्या, पण पूर्ण प्राणी नको: त्याने मागे सोडलेलं काहीतरी, हातात घेऊन उलटसुलट करता येईल असं. तुमच्या कलादिग्दर्शकाने बनवलेलं ते कवच फुटेजमध्ये उत्तम दिसतंय आणि तुम्ही ते अंधारात ठेवलंय. दुसऱ्यांदा जे दिसेल ते कवचाच्या मापात बसता कामा नये. तिसऱ्यांदा पोशाख, स्थिर उभा, पात्यांच्या फिरत्या सावलीत, आणि कॅमेऱ्याने त्याच्याकडे न जाता माणसाकडे जावं. त्याच्या दिसण्यापूर्वी किमान एकदा सगळ्यांना खरंच हायसं वाटेल असा प्रसंग हवा. चहाचा थर्मास उघडतात तो शॉट तिथे चालेल. मग हा कट संगीताशिवाय, फक्त वाऱ्याच्या आणि यंत्राच्या आवाजावर, दोघातिघा अनोळखी लोकांना दाखवा. ते पडद्याकडे बघत असताना तुम्ही त्यांच्याकडे बघा. ज्या क्षणी ते मोबाइलकडे वळतील तिथला टाइमकोड, म्हणजे कटमधली नेमकी वेळ, लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी तेवढेच टाइमकोड मला पाठवा, आपण तिथून सुरुवात करू.